चुकीनंतरचा चेंडू

२१ जून २००२. जपानमधल्या शिझुओकाच्या मैदानावर विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना रंगात आला होता. ब्राझील विरुद्ध इंग्लंड. २३ व्या मिनिटाला इंग्लंडच्या एमिल हेस्कीने मागून एक लांब चेंडू पुढे टाकला. त्या चेंडूत धोका असा काही नव्हता. ब्राझीलचा एक उंचापुरा बचावपटू त्याच्या वाटेत उभा होता. तो चेंडू अडवणार, शेजारच्या गड्याकडे सरकवणार आणि खेळ पुढे चालू होणार, असंच सगळे धरून चालले होते. पण चेंडू त्याच्या पायाला लागून निसटला आणि नेमका मायकेल ओवेनच्या पुढ्यात पडला. ओवेनने दोन पावलांत तो ताब्यात घेतला, गोलरक्षक मार्कोसच्या अंगावरून अलगद उचलला आणि जाळ्यात टाकला. इंग्लंड १, ब्राझील ०.

त्या बचावपटूचं नाव लुसिओ. वय २४. विश्वचषकातली चूक ब्राझीलमध्ये माणसाला जन्मभर चिकटते. १९५० मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझील उरुग्वेकडून निर्णायक सामना हरला, आणि गोलरक्षक बार्बोझा त्या एका गोलाचा जाब पुढची ५० वर्षं देत राहिला. तो २००० साली वारला, तोवर देशाने त्याला माफ केलं नव्हतं. शिझुओकात लुसिओच्या डोक्यावर तीच टांगती तलवार होती. सामना तिथेच हरला असता, तर आज हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं.

सामना ब्राझीलने जिंकला. मध्यंतराच्या तोंडावर रिव्हाल्डोने बरोबरी साधली, मध्यंतरानंतर पाच मिनिटांत रोनाल्डिन्होची फ्री किक इंग्लंडच्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात शिरली. ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण ५७ व्या मिनिटाला रोनाल्डिन्होला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला अर्धा तास ब्राझील दहा जणांत खेळला, हे कमी जणांच्या लक्षात असतं. त्या अर्ध्या तासात इंग्लंडला एकही गोल करता आला नाही. ज्याच्या पायातून चेंडू निसटला होता तोच माणूस तेव्हा मागे उभा राहून चेंडूमागून चेंडू परतवत होता.

लुसिओची सगळी कारकीर्द मला त्या अर्ध्या तासात दिसते. आघाडीवीर दहा संधी दवडतो, अकरावीला गोल करतो आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. बचावपटू शंभर चेंडू अडवतो, एक सुटतो आणि लोकांना तेवढाच आठवतो. म्हणून बचावपटूची खरी पारख चुकीनंतरच्या चेंडूवर होते.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीचा. चिखली तालुक्यातलं हे गाव. आमच्याकडे बोलणं निघतं ते पावसाचं, सोयाबीनच्या भावाचं, कपाशीवरच्या बोंडअळीचं. खेळ म्हणाल तर क्रिकेट आणि कबड्डी. अशा गावातून ब्राझीलच्या बचावपटूवर लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. हा माणूस खेळत खेळत आपल्या शेजारच्या गोव्यापर्यंत आला होता. त्याची गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे, आणि आपल्या भाषेत ती कुणी नीट सांगितलेली मला तरी दिसली नाही.

०००

लुसिमार फरेरा दा सिल्वा हे त्याचं पूर्ण नाव. जन्म ८ मे १९७८, प्लानाल्टिनाचा. ब्राझीलने पन्नासच्या दशकात आपली राजधानी देशाच्या मधोमध, माळरानावर नव्याने वसवली. त्या ब्राझिलियाच्या परिघावरचं हे गाव. रिओ, साओ पावलो, सांतोस ही फुटबॉलची माहेरघरं तिथून शेकडो किलोमीटर दूर. मोठ्या क्लबांचे जाणकार या भागात क्वचितच फिरकत.

तो आधी गावच्याच क्लबकडून खेळला. १९९७ मध्ये ग्वारा नावाच्या छोट्या क्लबला ब्राझीलच्या चषक स्पर्धेत इंटरनॅसिओनलशी खेळायचं होतं. इंटरनॅसिओनल म्हणजे दक्षिणेकडच्या पोर्तो अलेग्रे शहरातला बलाढ्य क्लब. त्या सामन्यासाठी लुसिओ ग्वाराकडे गेला. ग्वारा ०-७ असा हरला. सात गोल खाल्लेल्या संघातल्या बचावपटूकडे कोण बघतं? पण इंटरनॅसिओनलच्या माणसांनी बघितलं. एवढ्या पडझडीत हा पोरगा मान खाली घालत नाही, आठवा गोल होऊ नये म्हणून त्याच जोमाने धावतो आहे, हे त्यांना दिसलं असणार. त्यांनी त्याला आपल्या क्लबात घेतलं.

तीन वर्षांत तो ब्राझीलच्या ऑलिम्पिक संघात होता. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्या संघाला कॅमेरूनने उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवलं. त्याच वर्षी लुसिओला राष्ट्रीय संघाचा पिवळा सदरा मिळाला. २००१ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या बायर लेव्हरकुसेनने त्याला बोलावलं आणि तो युरोपात पोहोचला.

०००

लेव्हरकुसेनचा २००१–०२ चा हंगाम जर्मनीत आजही हळहळून आठवतात. प्रशिक्षक क्लाउस टोपमोलर, संघात मिखाएल बालाक, बेर्न्ड श्नायडर, ऑलिव्हर नॉयव्हिल, आणि मागे लुसिओ. लीगमधले तीन सामने उरले असताना हा संघ पाच गुणांनी पुढे होता, आणि विजेतेपद हातचं गेलं. जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात हार झाली. मग उरला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. १५ मे २००२, ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क, समोर रेआल माद्रिद.

आठव्या मिनिटाला राउलने माद्रिदला पुढे नेलं. काही मिनिटांतच श्नायडरने फ्री किक घेतली. माद्रिदच्या गोलपुढच्या गर्दीतून एक माणूस सगळ्यांच्या वर उठला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. तो लुसिओ. नंतर मध्यंतराच्या जरा आधी रोबेर्टो कार्लोसने डावीकडून चेंडू उंच उडवला आणि आकाशातून उतरणाऱ्या त्या चेंडूवर झिनेदिन झिदानने डाव्या पायाचा जो फटका मारला, तो फुटबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या गोलांत गणला जातो. लेव्हरकुसेन १-२ असा हरला. एका हंगामात तीन किताबांच्या उंबरठ्यावरून हा संघ परत फिरला.

त्या रात्रीचा झिदानचा गोल जगाने हजार वेळा पाहिला असेल. त्याच सामन्यात एका बचावपटूने युरोपच्या सर्वांत मोठ्या संघाविरुद्ध गोल केला होता, हे सांगावं लागतं.

दीड महिन्याने, ३० जूनला, योकोहामात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ब्राझील विरुद्ध जर्मनी. जर्मनीकडून श्नायडर, नॉयव्हिल आणि रामेलोव्ह हे लुसिओचे लेव्हरकुसेनमधले सहकारी मैदानात होते. बालाक कार्डांमुळे बाहेर बसला होता. ज्यांच्यासोबत ग्लासगोत हरला, त्यांच्याच विरुद्ध लुसिओ योकोहामात उभा होता. रोनाल्डोने दोन गोल केले आणि ब्राझील पाचव्यांदा जगज्जेता झाला.

तो विश्वचषक रोनाल्डोच्या आठ गोलांचा, रिव्हाल्डोचा, रोनाल्डिन्होचा म्हणून ओळखला जातो. पण प्रशिक्षक स्कोलारीने संघाची बांधणी मागून केली होती. लुसिओ, एडमिल्सन आणि रोके ज्युनिअर असे तीन बचावपटू मधोमध. त्यांच्या भरवशावर काफू आणि रोबेर्टो कार्लोस दोन्ही बाजूंनी पुढे धावायचे. सात सामन्यांत ब्राझीलने फक्त चार गोल खाल्ले, आणि बाद फेरीच्या चार सामन्यांत फक्त एक. तो एक म्हणजे ओवेनचा.

ब्राझीलबद्दल आपल्या मनात एक चित्र ठसलेलं आहे: नाचत जाणारे आघाडीवीर, पायातली जादू. आकडे वेगळं सांगतात. १९९४ साली ब्राझील जगज्जेता झाला तेव्हा त्याने पूर्ण स्पर्धेत तीनच गोल खाल्ले होते. उलट १९८२ चा झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ यांचा संघ आजवरच्या सर्वांत सुंदर संघांपैकी एक मानतात. त्याला ५ जुलै १९८२ रोजी बार्सिलोनात इटलीविरुद्ध फक्त बरोबरी पुरेशी होती. २-२ झालेलं असताना तो पुढे धावतच राहिला, पाओलो रॉसीने तिसरा गोल केला आणि ब्राझील घरी गेला. सौंदर्याला मागून आधार लागतो, हे ब्राझील त्या दुपारी शिकला. त्या संघातला झिको पुढे या गोष्टीत पुन्हा भेटणार आहे.

०००

मधल्या बचावपटूचं काम नेमकं काय असतं, हे आमच्या भागातल्या माणसाला कबड्डीतून लवकर कळतं. कबड्डीत कोपरारक्षक असतो. चढाईपटू आत आला की पोरं ओरडतात, ‘धर, धर!’ चांगला कोपरारक्षक लगेच झेप घेत नाही. तो चढाईपटूच्या पायाकडे बघत मागे सरकतो, त्याला आत येऊ देतो, त्याचा तोल पुढच्या पायावर गेला की मगच घोट्याला हात घालतो. घाई केली की गुण गेला. फुटबॉलमधला बचावपटू तेच करतो. समोरून आघाडीवीर चेंडू घेऊन येत असताना त्याच्यावर तुटून पडायचं नाही. अंग आडवं करून त्याला कडेला रेटायचं, सहकारी परतायला वेळ मिळवायचा आणि चेंडू त्याच्या पायापासून वीतभर सुटला की तेवढ्यात पाय घालायचा.

यात एक भलतीच अवघड गोष्ट आहे. चेंडूऐवजी माणसाच्या पायाला धक्का लागला तर फाऊल. गोलपुढच्या चौकटीत लागला तर पेनल्टी. म्हणून बचावपटूच्या नावावर फाऊल असायचेच, हे सगळे गृहीत धरतात. २००६ च्या जर्मनीतल्या विश्वचषकात लुसिओने सलग ३८६ मिनिटं एकही फाऊल केला नाही. चार पूर्ण सामने आणि पाचव्यातली २६ मिनिटं. विश्वचषकातला हा विक्रम ठरला. जगातले उत्तमोत्तम आघाडीवीर अंगावर येत असताना एवढा वेळ त्याने केवळ जागा, वेळ आणि चेंडू यांवर नजर ठेवून खेळ केला. पाचवा सामना फ्रान्सशी होता. आँरीच्या एका गोलावर ब्राझील हरला आणि तो विक्रम त्या पराभवाखाली दबून गेला.

लुसिओची दुसरी खूण याच्या अगदी उलट होती. चेंडू जिंकला की कधी कधी तो स्वतःच तो घेऊन निघायचा. मान वर, लांब ढांगा, एक गडी मागे, दोन मागे, आणि बघता बघता तो विरुद्ध बाजूच्या गोलपाशी. प्रशिक्षकांच्या पोटात गोळा यायचा, कारण त्याची जागा मागे रिकामी पडलेली असायची. प्रेक्षक मात्र उभे राहायचे. फाऊल न करणारा संयम आणि मैदान चिरत जाणारी ती धाव एकाच माणसात होती. एका साच्यात बसेल असा तो खेळाडू नव्हता, आणि ब्राझीलसाठी १०५ सामने खेळेपर्यंत तो तसाच राहिला.

०००

२००४ मध्ये तो बायर्न म्युनिककडे गेला. पाच वर्षांत तीन वेळा लीग आणि तीन वेळा जर्मन चषक, तेही प्रत्येक वेळी एकाच हंगामात दोन्ही. २००९ मध्ये लुई व्हान गाल प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्या आराखड्यात ३१ वर्षांच्या लुसिओला जागा नव्हती. मिलानच्या इंटर क्लबने त्याला घेतलं. तिथे जोझे मोरिन्हो प्रशिक्षक होते, गोलमध्ये ब्राझीलचाच जुलिओ सेझार, उजवीकडे मायकॉन, आणि मधोमध जोडीला अर्जेंटिनाचा वॉल्टर सॅम्युएल. ब्राझील आणि अर्जेंटिनाचं वैर सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण त्या वर्षी युरोपात या दोन देशांच्या या जोडीइतकी पक्की मागची फळी शोधून सापडली नसती.

२८ एप्रिल २०१० चा बार्सिलोनातला सामना ज्याला बचाव शिकायचा आहे त्याने एकदा तरी पाहावा. उपांत्य फेरीचा हा दुसरा सामना. पहिला इंटरने ३-१ असा जिंकला होता. समोर मेस्सीचा, झावीचा बार्सिलोना, आदल्या वर्षीचा विजेता. २८ व्या मिनिटाला इंटरच्या थियागो मोट्टाला लाल कार्ड मिळालं. उरलेला तासाभराचा खेळ दहा जणांनी. चेंडू जवळजवळ पूर्ण वेळ बार्सिलोनाच्या पायात होता. इंटरच्या खेळाडूंनी आपल्या चौकटीपुढे दोन रांगा केल्या. चेंडू डावीकडे गेला की अख्खी रांग डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. अंतर वाढू द्यायचं नाही, मधे फट पडू द्यायची नाही. पिकेने ८४ व्या मिनिटाला एक गोल केला. दुसरा होऊ दिला नाही. एकूण ३-२ अशा फरकाने इंटर अंतिम फेरीत गेला.

२२ मे रोजी माद्रिदच्या बेर्नाबेउ मैदानावर अंतिम सामना झाला आणि समोर होता बायर्न म्युनिक, प्रशिक्षक व्हान गाल. ज्या क्लबने वर्षभरापूर्वी लुसिओला जाऊ दिलं, त्याला त्या रात्री एकही गोल करता आला नाही. दिएगो मिलिटोच्या दोन गोलांनी इंटर जिंकला. त्या हंगामात इंटरने इटलीची लीग, इटालियन चषक आणि चॅम्पियन्स लीग हे तिन्ही किताब पटकावले. असं करणारा तो पहिला इटालियन क्लब. आठ वर्षांपूर्वी ग्लासगोत हुकलेला करंडक ३२ व्या वर्षी लुसिओच्या हातात आला.

राष्ट्रीय संघाचा तो तेव्हा कर्णधार होता. २००६ च्या विश्वचषकानंतर डुंगाने प्रशिक्षक म्हणून ब्राझीलची सूत्रं घेतली आणि कर्णधारपद लुसिओकडे दिलं. २८ जून २००९ रोजी जोहान्सबर्गला कॉन्फेडरेशन्स चषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने मध्यंतरापर्यंत २-० अशी आघाडी घेतली होती. लुईस फाबियानोने दोन गोल परत केले. मग ८४ व्या मिनिटाला एलानोने कॉर्नर घेतला आणि कर्णधाराने डोक्याने विजयाचा गोल केला. देशासाठी त्याचे एकूण गोल चार. त्यातला एक हा.

पुढच्या वर्षी, २ जुलै २०१० रोजी, दक्षिण आफ्रिकेतच नेदरलँड्सने ब्राझीलला विश्वचषकातून बाहेर काढलं. ब्राझील पुढे होता, पण दुसऱ्या अर्ध्यात दोन गोल झाले. त्यात नाव झालं वेस्ली स्नायडरचं. स्नायडर म्हणजे सहा आठवड्यांपूर्वी माद्रिदला लुसिओबरोबर करंडक उचलणारा इंटरचा सहकारी. योकोहामात क्लबच्या सहकाऱ्यांना हरवणारा लुसिओ आता क्लबच्या सहकाऱ्याकडून हरला होता. आठ वर्षांत खेळाने त्याला दोन्ही टोकं दाखवली.

०००

२०१२ मध्ये युव्हेंटसकडे थोडे महिने, मग मायदेशी साओ पावलो, पाल्मेरास. आणि २०१५ मध्ये, ३७ व्या वर्षी, तो गोव्यात उतरला.

गोवा आणि ब्राझील यांच्यामध्ये पोर्तुगीज सत्तेचा इतिहास आहे. फुटबॉल मात्र गोव्यात पोर्तुगिजांनी आणलेला नाही. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू प्रकृतीसाठी शिवोलीला राहायला आले आणि त्यांनी हा खेळ तिथे रुजवला असं सांगतात. पुढे गावोगावच्या चर्चच्या अंगणांत आणि कापणी झालेल्या शेतांत तो वाढला. वास्को, साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स असे क्लब उभे राहिले. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक गोव्याने भारताला दिला आणि त्यांनी देशाचं नेतृत्वही केलं.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. एफसी गोवाने प्रशिक्षक म्हणून थेट झिकोला आणलं. १९८२ चा तोच झिको. दुसऱ्या हंगामासाठी त्याने मागच्या फळीत लुसिओला बोलावलं. जगज्जेता बचावपटू फातोर्ड्याच्या मैदानावर उतरला. आमच्याकडे तेव्हा सोयाबीनची सोंगणी चालू होती. शेतात सुड्या लागल्या होत्या, मळणीयंत्र कुणाकडे आधी जाणार याची बोलणी चालली होती, आणि संध्याकाळी सात वाजता ज्या घरात टीव्हीवर सामना लागायचा तिथे पोरं दाटीवाटीने बसायची. ज्याला आपण विश्वचषकात पाहिलं तो मडगावात खेळतो आहे, हे पोरांना खरं वाटत नव्हतं.

त्याचा वेग ओसरला होता. पूर्वीची ती मैदान चिरणारी धाव आता क्वचित दिसायची. पण कुठे उभं राहायचं हे तो विसरला नव्हता. चेंडू यायच्या आधी हात वर करून रांग पुढे खेचायची, शेजाऱ्याला दोन पावलं आत बोलवायचं, उंच चेंडूवर कोण उडी मारणार आणि कोण मागे थांबणार हे ओरडून सांगायचं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावत असल्यामुळे हे सगळं चौकटीबाहेर घडतं. मैदानात बसून पाहणाऱ्यालाच ते दिसतं.

गोव्याने त्या हंगामात साखळी फेरीत पहिला क्रमांक मिळवला. १७ नोव्हेंबरला मुंबई सिटीवर ७-० असा विजय मिळवला. हाओकिप आणि दुदू या दोघांनीही हॅट्ट्रिक केली. १८ वर्षांपूर्वी सात गोलांच्या पराभवातून सुरू झालेली कारकीर्द आता सात गोलांच्या विजयाच्या बाजूला आली होती. उपांत्य फेरीत समोर दिल्ली डायनामोज होता आणि त्याचा प्रशिक्षक रोबेर्टो कार्लोस, योकोहामातला लुसिओचा साथीदार, ग्लासगोत झिदानला तो चेंडू उडवून देणारा. दिल्लीत गोवा ०-१ असा हरला, फातोर्ड्याला ३-० असा जिंकला.

२० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्यालाच अंतिम सामना झाला. समोर चेन्नईयन, त्यांच्या संघात एलानो, जोहान्सबर्गचा तो कॉर्नर घेणारा. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोल करून गोव्याला २-१ असं पुढे नेलं. करंडकाला फक्त काही मिनिटं उरली होती. ९० व्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या हातून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. लगेच भरपाई वेळेत मेंडोझाने तिसरा गोल केला. चेन्नईयन ३-२. अख्खा हंगाम उत्तम खेळलेल्या संघाचा घास शेवटच्या क्षणी हिरावला गेला.

कट्टीमणी गोव्याचाच मुलगा. त्या रात्रीनंतर तो संपला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. तो संपला नाही. पुढे हैदराबादच्या संघाकडून खेळताना २० मार्च २०२२ रोजी याच फातोर्ड्यात, याच लीगच्या अंतिम सामन्यात केरला ब्लास्टर्सविरुद्ध पेनल्टींवर निकाल लागायची वेळ आली. कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद विजेता झाला. शिझुओकात लुसिओने जे अर्ध्या तासात केलं, त्याला कट्टीमणीला सहा वर्षं लागली. पण धडा एकच होता.

२०१६ च्या हंगामात गोव्याचा संघ तळाला गेला. लुसिओ ब्राझीलला परतला, ब्राझिलियाच्या परिसरातल्या गामा आणि ब्राझिलिएन्से या क्लबांकडून थोडं खेळला आणि २०२० च्या सुरुवातीला, ४१ व्या वर्षी, निवृत्त झाला. जिथून निघाला होता त्याच भागात त्याने बूट काढले.

०००

गोव्याला त्याच्याकडून काय मिळालं? करंडक मिळाला नाही. पण त्या काळात त्या संघात असलेल्या आपल्या मुलांकडे बघा. मुंबईचा राजू गायकवाड, लांबवर थ्रो-इन फेकण्यासाठी नावाजलेला बचावपटू, तेव्हा गोव्याकडून खेळत होता. म्हापशाचा मंदार राव देसाई डाव्या बाजूने धावणारा तरुण होता. पुढे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला मागे आणून डावा बचावपटू केलं. पुढे खेळणाऱ्याला मागे जा म्हटलं की तो बहुधा खट्टू होतो. मंदारने ते काम मनापासून केलं. तो गोव्याचा कर्णधार झाला आणि २०२१ मध्ये मुंबई सिटीकडून लीग आणि अंतिम सामना दोन्ही जिंकला.

गोव्याच्या संघाबाहेरचं एक नाव म्हणजे मुंबईचाच बचावपटू राहुल भेके. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत लीगचा अंतिम सामना बंगळुरू आणि गोवा यांच्यात झाला. जादा वेळेच्या शेवटी, ११७ व्या मिनिटाला, कॉर्नरवर भेकेने डोक्याने गोल केला आणि बंगळुरू जिंकला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. त्यातला विजयाचा गोल पुन्हा भेकेचा, पुन्हा डोक्याने. मागचा माणूस पुढे येऊन काम फत्ते करतो हे मराठी मुलानेही करून दाखवलं आहे. पण आपल्या जिल्ह्यांतल्या किती घरांत राहुल भेके हे नाव माहीत आहे?

०००

सप्टेंबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात होणार म्हणून, राज्य सरकारने दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला मैदानावर आणायचा कार्यक्रम आखला. गावोगावच्या शाळांत चेंडू पोहोचले. त्या विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर पिढ्यान्‌पिढ्या झुंजत आले आहेत, त्या मातीतून तो आला. आमच्याकडे तशी परंपरा नाही. पण चेंडू आला की खेळ येतोच. आज आमच्या बाजूच्या शाळांच्या मैदानांवर चेंडू दिसतो, शालेय स्पर्धांसाठी संघ निघतात.

तिथलं एक चित्र जवळून पाहिलेलं सांगतो. संघ पाडायला पोरं जमतात, आणि सगळ्यांना पुढेच खेळायचं असतं. अखेर जो लहान, जो नवा, ज्याच्या पायात बूट नाहीत, त्याला म्हणतात, ‘तू मागं थांब.’ तो थांबतो. चेंडू त्याच्याकडे येतो, तो गडबडतो, गोल होतो, आणि सगळी पोरं त्याच्यावर ओरडतात. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. गावातल्या मैदानावर बचावपटू तयार न होण्याचं मुख्य कारण हेच आहे. मागची जागा आपण शिक्षा म्हणून देतो.

यावर उपाय फार अवघड नाहीत आणि त्यांना पैसाही लागत नाही. मागच्या जागेवर सर्वांत धीराचं पोर उभं करावं, उरलेलं पोर नव्हे. सराव घेताना गोल कसा मारायचा याइतकाच वेळ मागे कसं सरकायचं, अंग आडवं कसं ठेवायचं, पाय कधी घालायचा नाही हे शिकवायला द्यावा. चूक झाली की खेळ थांबवून बोलणी देण्याऐवजी लगेच दुसरा चेंडू त्याच मुलाकडे टाकावा, म्हणजे पहिला त्याच्या डोक्यात राहणार नाही. तालुक्याच्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्याला बक्षीस असतं. तसंच एक बक्षीस उत्कृष्ट बचावपटूलाही ठेवावं आणि ते द्यायच्या वेळी त्याने नेमकं काय केलं हे माईकवरून चार वाक्यांत सांगावं. बघणाऱ्यांनाही मग काय बघायचं ते कळेल.

लुसिओकडे ताकद होती, उंची होती, जिद्द होती. पण हे सगळं असूनही तो प्लानाल्टिनातच राहिला असता. ०-७ हरलेल्या संघाच्या शेवटच्या रांगेकडे कुणीतरी शेवटच्या मिनिटापर्यंत लक्ष ठेवून होतं, म्हणून पुढचं सारं घडलं. गोल करणारी मुलं स्वतःहून डोळ्यांत भरतात. अडवणारी मुलं शोधावी लागतात, आणि ती शोधणं हे शिक्षकांचं, पालकांचं, गावातल्या खेळ कळणाऱ्या प्रत्येकाचं काम आहे. या हिवाळ्यात शालेय सामने सुरू होतील तेव्हा हरणाऱ्या संघाचा मागचा गडी जरा निरखून बघा. सामना हातचा गेल्यावरही तो तितक्याच जोमाने धावताना दिसला, तर त्याचं नाव लिहून घ्या आणि त्याच्या सरांना जाऊन भेटा.